वाघाच्या घरात माणूस शिरला? चंद्रपुरातली तेंदूपानं, मोहफुलं आणि वाघ

चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात कुणी दगावल्याची बातमी फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर आली की तिच्याखाली एक कमेंट हमखास सापडते. "वाघ गावात आला नाही, माणूस वाघाच्या घरात शिरला." या कमेंटला लाइकही भरपूर मिळतात. वाचणाऱ्याला ते पटतंही, कारण जंगलं कमी होत चालली आहेत हे सगळ्यांनाच माहीत आहे.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन महिला जंगलात वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याच महिन्यात जिल्ह्यात एकामागून एक आणखीही बळी गेले. मेंढ्याच्या त्या तिघी वाघ बघायला गेल्या नव्हत्या, लाकूड चोरायला गेल्या नव्हत्या. त्या तेंदूपानं तोडायला गेल्या होत्या. हे काम दरवर्षी उन्हाळ्यात, सरकारच्या परवानगीने, ठरलेल्या हंगामात होतं.

म्हणजे 'वाघाचं घर' म्हटलं जातं ते जंगल या बायकांसाठी कामाची जागा आहे. शहरातल्या माणसासाठी जसं ऑफिस किंवा कारखाना, तसं. हे लक्षात घेतलं की वाघ आणि माणसाच्या संघर्षाचा प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो.

पहाटेच जंगलात का जावं लागतं?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या पट्ट्यात वर्षाचे दोन हंगाम पूर्णपणे जंगलावर चालतात. पहिला मोहफुलांचा, साधारण मार्च ते एप्रिल. मोहाची फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उजाडण्याच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर गुरं, चितळ आणि अस्वलं ती फस्त करतात. म्हणून बायका आणि मुलं अंधारातच टोपली घेऊन निघतात. खाली वाकून एकेक फूल वेचायचं, हेच काम दोन-तीन तास. मोह वाळवून साठवला जातो, खाल्ला जातो, विकला जातो. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे जुने निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. तोपर्यंत घरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोह ठेवला तर दारूबंदीच्या कायद्याखाली अडकण्याची भीती असायची. जंगलातल्या अन्नाकडे सरकार किती संशयाने बघत आलं, हे एवढ्यावरूनही कळतं.

दुसरा हंगाम तेंदूचा, म्हणजे बिडीसाठी लागणाऱ्या पानांचा. एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे तो चालतो. पान कोवळं पण पुरेसं मोठं असतानाच तोडावं लागतं, पावसाचा शिडकावा झाला की पान बिघडतं. ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी आणायची, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून ७० पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी ते पुडे 'फळी'वर, म्हणजे संकलन केंद्रावर नेऊन द्यायचे. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीसाठी ७० हजार पानं. प्रत्येक पान हाताने तोडलेलं.

एवढी मेहनत का, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. मेअखेर शेतीची कामं नसतात, रोजगार नसतो आणि जूनमध्ये धानाच्या बियाण्यासाठी, खतासाठी, मुलांच्या शाळेसाठी रोख पैसा लागतो. तो पैसा तेंदूतून येतो. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा एक-दोन एकरच आहे, त्यांना हा हंगाम चुकवणं परवडत नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातलं कुणी सहसा तेंदू तोडायला जात नाही.

आता यात वाघ कुठे येतो? तेंदूची झुडपं कमरेएवढी किंवा त्याहून बुटकी असतात. मोहफुलं तर जमिनीवरच असतात. दोन्ही कामांत माणूस तासन् तास वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. वाघ एरवी उभ्या, दोन पायांवर चालणाऱ्या माणसाला टाळतो. पण झुडपाआड वाकलेली आकृती त्याला चितळ किंवा रानडुकरासारखी वाटू शकते. त्यात वेळ पहाटेची, म्हणजे वाघाच्या फिरण्याची. उन्हाळा असल्यामुळे पाणवठे मोजके, आणि जिथे पाणी आणि सावली तिथेच वाघही. वाघीण पिलांसोबत असेल तर ती जास्त आक्रमक होते. त्यामुळे माणूस आणि वाघ एकाच जागी, एकाच वेळी, एकमेकांना न दिसता जवळ येतात.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात १९८०च्या दशकात मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे घालायला दिले होते. वाघ बहुधा पाठीमागून हल्ला करतो, त्याला आपल्याकडे बघणारा चेहरा दिसला तर तो बिचकेल, ही त्यामागची कल्पना. मुखवट्याची ही युक्ती कितीही चतुर असली, तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. जंगलात जाणं थांबवता येत नाही हे तिथेही सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

वाघ एवढे कुठून आले?

महाराष्ट्रातल्या वाघांची संख्या २००६च्या गणनेत १०३ होती. २०१४ मध्ये ती १९० झाली, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. देशातली संख्या याच काळात १,४११ वरून सुमारे ३,६८२ वर गेली. राज्यातल्या वाघांचा मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वन विभागाच्या अंदाजानुसार तो दोनशेच्या घरात जातो.

हे यश खरं आहे, ते कमी लेखण्याचं कारण नाही. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचं, त्याभोवती २०१० मध्ये जाहीर झालेलं बफर क्षेत्र सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचं. शिकारीवर नियंत्रण आलं, काही गावं गाभ्यातून बाहेर गेली, गवत वाढलं, चितळ-सांबर वाढले आणि त्यांच्यामागे वाघ वाढले.

पण वाघाला कुंपण नसतं. वाघाचा बछडा दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो आणि स्वतःचा इलाका शोधू लागतो. ताडोब्याच्या गाभ्यात जागा भरलेली आहे. मोठा नर तरुण नराला टिकू देत नाही. मग हे तरुण वाघ बाहेर पडतात. ते किती लांब जाऊ शकतात, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला वाघ. 'वॉकर' नावाने तो ओळखला गेला. २०१९ मध्ये तो महाराष्ट्र आणि तेलंगणातून तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वरचाच एक वाघ पुढे सोलापूर-धाराशिवच्या सीमेवर, बार्शी-येडशीच्या भागात दिसला, जिथे वाघ असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चंद्रपुरातून बाहेर पडणाऱ्या वाघांना मात्र एवढं लांब जावं लागत नाही. ताडोब्याच्या पूर्वेला आणि उत्तरेला ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल हे तालुके आहेत. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि गावं यांची तिथे सरमिसळ आहे. जंगलाचा तुकडा, मग शेत, मग गाव, मग पुन्हा जंगल. वाघाला लपायला जागा आहे, प्यायला पाणी आहे, खायला रानडुक्कर आणि गावची गुरं आहेत. या भागात वाघिणी पिलंही वाढवतात. म्हणजे ते वाघ वाट चुकलेले पाहुणे नाहीत, तिथलेच रहिवासी झाले आहेत.

आणि लांब जायचं म्हटलं तरी वाटा मोकळ्या नाहीत. गोसीखुर्द धरणाचे कालवे, रुंद झालेले महामार्ग, कोळशाच्या खाणी आणि लोहमार्ग यांनी जंगलाचे तुकडे एकमेकांपासून तोडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चांदा फोर्ट-गोंदिया मार्गावर रेल्वेच्या धडकेत वाघाचे तीन बछडे मेले. रानडुकरांपासून पीक वाचवायला सोडलेल्या विजेच्या तारेत अडकूनही वाघ मरतात. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये नागभीडजवळ असाच गेला.

इथे एक तपशील ध्यानात ठेवायला हवा. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीची बहुतेक जंगलं व्याघ्र प्रकल्पात येत नाहीत. ती प्रादेशिक वन विभागाची साधी जंगलं आहेत. 'वाघाचं घर' हा शब्द कायद्याने जिथे लागू होतो, त्या गाभा क्षेत्रात हे लोक गेलेलेच नसतात.

वाघाचा पैसा कुठे जातो?

ताडोब्याची सफारी कित्येक आठवडे आधी बुक करावी लागते. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर इथून लोक येतात, परदेशातूनही येतात. यातून मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांलगतच्या गावांत जिप्सी आल्या, गाइड तयार झाले, होम-स्टे उभे राहिले. मुलींनी गाइडचं काम सुरू केलं, जिप्सीचं स्टिअरिंगही हाती घेतलं. प्रवेश शुल्कातून मिळणाऱ्या पैशातला काही भाग व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो आणि त्यातून बफरमधल्या गावांत कामं होतात. २०१५ पासून राज्याची 'डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना' आहे. तिच्यातून अशा गावांना गॅस जोडणी, शौचालयं, शेतीला कुंपण अशा गोष्टी मिळाल्या.

प्रवेशद्वाराजवळच्या अनेक मोठ्या रिसॉर्टचे मालक बाहेरचे आहेत, त्यात काम करणारे स्थानिक. ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण त्याहून मोठी तफावत दुसरीच आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ताडोब्याचा पैसा ताडोब्याच्या सीमेभोवती थांबतो, वाघ मात्र सीमा ओलांडून जातात. सिंदेवाहीच्या जंगलालगतच्या एखाद्या गावात वाघ ताडोब्याइतकेच आहेत, पण तिथे सफारीचं गेट नाही, जिप्सी नाही, पर्यटक नाही. वाघामुळे होणारा फायदा एका गावात आणि वाघामुळे होणारं नुकसान दुसऱ्या गावात, असं हे वाटप झालं आहे.

एकाच गावातही ते सारखं नसतं. ज्याच्याकडे जिप्सी घ्यायला कर्ज मिळण्याइतकी पत आहे, त्याला वाघ म्हणजे उत्पन्न. जी बाई सरपणाला जाते, तिला वाघ म्हणजे धोका. उज्ज्वलाचं सिलिंडर तिच्या घरी आलेलं असतं, पण ते पुन्हा भरायला हातात पैसे नसले की चूल पेटते आणि चुलीला लाकूड लागतं.

शेतीचंही तसंच. कृषिपंपांना थ्री-फेज वीज अनेक भागांत आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्री पाणी द्यायला बांधावर जाणारा शेतकरी टॉर्च आणि काठी घेऊन वाघाच्या इलाक्यातूनच जातो. दिवसा वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी वन्यजीव संरक्षणाच्या चर्चेत क्वचितच येते. ती वीज खात्याची बाब मानली जाते. खरं तर रात्रीची पाळी बंद झाली तर माणसांचे जीव वाचतील आणि वाघांवरचा रागही कमी होईल.

भरपाई पुरेशी नाही का?

महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम २०२२ मध्ये १५ वरून २० लाख झाली होती, नंतर ती वाढवून २५ लाख करण्यात आली. काही रक्कम लगेच दिली जाते, उरलेली मुदत ठेवीत ठेवली जाते आणि तिचं व्याज कुटुंबाला मिळतं. कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, गंभीर जखमी झाल्यास पाच लाख. गाय, बैल किंवा म्हैस मारली गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ७० हजार. देशातल्या अनेक राज्यांपेक्षा हे दर चांगले आहेत.

अडचण रकमेपेक्षा कागदांत आहे. पीक नुकसानीचा दावा करायचा तर सातबारा लागतो. ठेक्याने किंवा बटईने दुसऱ्याचं शेत कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. वनजमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्या, पण पट्टा न मिळालेल्या जबरानजोतधारकाकडे तर तो असूच शकत नाही. मेलेल्या जनावराचा पंचनामा वेळेत व्हावा लागतो, जनावर सापडावं लागतं, वाघाने ओढून नेलं असेल तर शोधावं लागतं. जितकी जमीन कमी, तितके कागद कमी आणि तितकी भरपाई लांब.

आणि भरपाई मिळते ती घटना घडून गेल्यावर. वाघ दिसल्यामुळे आठवडाभर कुणी जंगलात गेलं नाही, तेंदूचे आठ दिवस बुडाले, मुलींना शाळेत एकटं पाठवणं बंद झालं, संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर कुणी फिरकलं नाही. या नुकसानीचा कुठलाच पंचनामा होत नाही.

२०१८च्या 'अवनी' प्रकरणाचा इथे उल्लेख करायला हवा, कारण ते सोशल मीडियाने लढवलेलं मोठं वाघ-प्रकरण होतं. यवतमाळच्या पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूशी नाव जोडली गेलेली टी-१ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. तिला मारण्याची पद्धत नियमांना धरून होती का, यावर गंभीर प्रश्न उभे राहिले आणि ते योग्यच होते. पण त्या महिन्यांत देशभर लाखो लोकांना वाघिणीचं नाव पाठ झालं होतं, तिला दोन बछडे आहेत हेही माहीत होतं. मेलेल्या १३ जणांपैकी एकाचंही नाव त्यातल्या बहुतेकांना सांगता आलं नसतं.

कायदा कुणाच्या बाजूने?

'माणूस वाघाच्या घरात शिरला' या वाक्याला कायद्याचं उत्तर आहे. वनहक्क कायदा, २००६ मध्ये मंजूर झालेला. या कायद्यानुसार वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना मोह, तेंदू, बांबू, मध, डिंक अशा गौण वनोपजावर मालकीचा हक्क आहे. तो गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचाही. शिवाय गावाला आपल्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. म्हणजे सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावची बाई तेंदू तोडायला जाते, तेव्हा ती स्वतःच्याच मालमत्तेत गेलेली असते.

त्याच वर्षी वन्यजीव कायद्यातही दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचं असेल तर आधी हक्क निश्चित करायचे आणि ग्रामसभेची संमती घ्यायची, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव, जामनी अशी गावं हलली. काहींना मनासारखी जमीन आणि रस्ता मिळाला, काहींच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. कागदावरची संमती आणि खरी संमती यांत किती अंतर असतं, हे अशा प्रत्येक गावात वेगळं ऐकायला मिळतं. २०१७ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात वनहक्क देऊ नयेत असा आदेशच काढला होता. एका वर्षाने तो मागे घेतला गेला.

वाघांना हलवता येईल का?

काही प्रमाणात येतं. ब्रह्मपुरीच्या भागातल्या वाघिणी २०२३ आणि २०२४ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या गेल्या. २०२४ मध्ये ताडोब्यातल्या दोन वाघिणी ओडिशाच्या सिमलीपालला गेल्या. त्यातली 'झीनत' तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात शिरली आणि डिसेंबरअखेर बांकुड्यात पकडून तिला परत न्यावं लागलं. २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पोचली. जिथे वाघ कमी आहेत तिथल्या जंगलांसाठी हे उपयोगी आहे. पण जिल्ह्यात दोनशेच्या आसपास वाघ असताना दोन-चार हलवल्याने तिथल्या गावांचा प्रश्न सुटणार नाही. रिकामी झालेली जागा दुसरा तरुण वाघ लवकरच व्यापतो.

तंत्रज्ञानाचे प्रयोगही चालू आहेत. मोहर्ली परिक्षेत्रातल्या सीतारामपेठ गावाच्या कडेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले आहेत. वाघ दिसला की संदेश जातो. गावोगावी तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. ती लोकांना सावध करतात, वाघाभोवती गर्दी होऊ देत नाहीत आणि अनेकदा नाममात्र मानधनावर हे जोखमीचं काम करतात. याने गावात येणाऱ्या वाघाची खबर मिळते. पण गावाबाहेर, जंगलात वाकून बसलेल्या माणसापर्यंत हा संदेश पोचत नाही.

पाचगावने काय केलं?

याच चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे. २०१२ मध्ये या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने ग्रामसभेत बसून स्वतःचे नियम केले. त्यातला एक निर्णय बाहेरच्यांना चक्रावणारा होता. ग्रामसभेने तेंदूपानं तोडणंच बंद केलं.

कारण साधं होतं. तेंदूला कोवळा पाला चांगला यावा म्हणून हंगामाआधी झुडपं छाटतात, बऱ्याच ठिकाणी जंगलाला आगही लावली जाते. झाडाच्या फांद्या तोडल्या की त्याला फळ धरत नाही. वणव्यात नवी रोपं मरतात, पक्ष्यांची घरटी जातात. गावाचं म्हणणं असं की तेंदूचे पैसे घेऊन आपण आपलंच जंगल जाळतो आहोत. पण ते असं म्हणू शकले, कारण त्यांच्या हातात बांबू होता. बांबूची कटाई आणि विक्री ग्रामसभेने स्वतः सुरू केली. मजुरी गावातच मिळू लागली, बाहेर कामाला जाणं कमी झालं. जंगलाचा एक भाग कुणीच हात लावायचा नाही म्हणून राखूनही ठेवला गेला.

त्याआधी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने वाट दाखवली होती. २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला मिळाला, त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. २०१३ पासून विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलावही ठेकेदारावर न सोपवता स्वतः करायला सुरुवात केली. कधी व्यापारी फसवतात, कधी भाव पडतो, हिशेबात भांडणंही होतात. पण कुठल्या भागात वाघीण पिलांसह आहे आणि यंदा तिकडे जायचं नाही, हा निर्णय घ्यायची जागा गावातच तयार होते. ठेकेदाराला पुड्यांची संख्या हवी असते. ग्रामसभेला पुडे बांधणारी माणसंही हवी असतात.

मग सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या गावांत हे का होत नाही? काही गावांत सामूहिक हक्क मिळाले आहेत, पण एक अडथळा कायद्यातच आहे. या तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत आदिवासींसोबत इतर मागास आणि दलित समाजाची वस्ती मोठी आहे. कायद्यात त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणतात. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा रहिवास किंवा वहिवाट दाखवावी लागते. इतरांना मात्र त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण या जंगलावर अवलंबून होतो हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे साधारण १९३०चा पुरावा. अनेक दावे याच अटीवर अडतात.

१९३० मध्ये यांच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांना सही करता येत नव्हती. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून जमिनीच्या जुन्या कागदांत त्यांचं नाव सापडत नाही. नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं, मात्र पुढच्या टेबलावर अनेकदा कागदच मागितला जातो. आणि तोवर एप्रिल उजाडतो, फळी लागते, आणि पहाटे चार वाजता टोपली घेऊन निघावं लागतं.